पुसलेली टेप आणि उरलेली क्लिप

मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दोन दशकांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. निर्मात्यांच्या आठवणी आहेत, निवेदकांच्या मुलाखती आहेत, २०२२ साली केंद्राला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने लिहिलेले लेख आहेत. यातले बरेचसे लेखन वाचनीय आहे आणि अविश्वास दाखवावा असे त्यात थोडेच आहे. मात्र एका प्रश्नाचे उत्तर त्यात सहसा सापडत नाही. ज्या कार्यक्रमाविषयी लेखक बोलतो आहे, तो त्याने लिहायला बसण्यापूर्वी पुन्हा पाहिला होता काय?

नाटकावर लिहिणाऱ्याच्या हाताशी निदान संहिता असते. चित्रपटावर लिहिणाऱ्याला चित्रपट पुन्हा पाहता येतो. सहज मिळाला नाही तर १९६४ पासून पुण्यात असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे चौकशी करता येते. दूरदर्शनवर लिहिणारा मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी एकदाच पाहिलेल्या गोष्टीवर लिहितो. अलीकडे त्याच्या मदतीला मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिप आल्या आहेत. चार मिनिटांची मुलाखत, दीड मिनिटाचे निवेदन, एखाद्या प्रहसनाचा शेवट. आठवण अस्पष्ट असते आणि क्लिप डोळ्यांसमोर असते, त्यामुळे हळूहळू क्लिपच इतिहास सांगू लागते.

प्रस्तुत लेखात मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली अशी की, त्या काळातले जे काही आज शिल्लक आहे ते गुणवत्तेच्या चाळणीतून उरलेले नाही. ते टेपच्या हिशेबातून उरले आहे, आणि म्हणून त्यावरून साऱ्या काळाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. दुसरी अशी की, जुने कार्यक्रम ‘जतन’ करण्याची जी पद्धत आज रूढ झाली आहे, तीही एक प्रकारची पुसणीच आहे. पहिली पुसणी नाइलाजाने झाली आणि ती आता भरून येणार नाही. दुसरी अजून आपल्या हातात आहे.

टेपचा हिशेब

मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीत १९५९ पासून प्रायोगिक प्रक्षेपण होत होते; त्यानंतरचे देशातले दुसरे केंद्र मुंबईचे. त्या वेळी दूरदर्शन हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. १ एप्रिल १९७६ रोजी तो वेगळा झाला आणि ‘दूरदर्शन’चे ते परिचित फिरते बोधचिन्ह व धून तेव्हापासूनची.

स्टुडिओतल्या मुद्रणासाठी त्या काळी जगभर जी टेप वापरली जाई ती दोन इंच रुंद होती. अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये हे तंत्र बाजारात आणले. आपल्याकडच्या ६२५ रेषांच्या पद्धतीत ही टेप सेकंदाला जवळजवळ ४० सेंटिमीटर वेगाने धावे. म्हणजे एका तासाच्या कार्यक्रमाला सुमारे १,४०० मीटर टेप लागे. टेप परदेशातून येई, तिला परकीय चलन लागे आणि एक रीळ पुष्कळ वेळा वापरता येई. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशात, सरकारी खरेदीच्या शिस्तीत वाढलेल्या खात्याने, प्रक्षेपित होऊन गेलेल्या कार्यक्रमावर नवा कार्यक्रम मुद्रित केला तर त्यात नवल नाही. कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर टिपण लिहिणाऱ्या कारकुनाचीच ती नीती होती.

शिवाय बराचसा कार्यक्रम मुळात मुद्रित होतच नसे. बातम्या थेट वाचल्या जात. निवेदन थेट होई. निवेदिकेने शुभरात्री म्हटले की तो दिवस हवेत विरून जाई. स्मिता पाटील यांनी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी मुंबई केंद्रावर मराठी बातम्या वाचल्या, ही गोष्ट त्यांच्यावरील प्रत्येक लेखात येते. पण त्यांच्या वाचनाविषयी, स्वराविषयी, कॅमेऱ्याकडे पाहण्याविषयी आपण जे बोलतो ते पाहणाऱ्यांच्या आठवणी आणि छायाचित्रे यांच्या आधाराने.

याच्या उलट, बाहेर जाऊन केलेले चित्रण १६ मिलिमीटर फिल्मवर होई. फिल्म पुसून पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे तिच्या वाट्याला बुरशी आली, आम्लाचा आंबूस वास आला, कधी अडगळ आली, पण पुसणी आली नाही. एकाच दिवसाच्या बातमीपत्रातले बाहेरचे दृश्य उरू शकते आणि ती बातमी वाचणारा माणूस मात्र नाहीसा होतो, तो असा. जुन्या टेलिव्हिजनचा अभ्यास करणाऱ्याने ‘हे का उरले?’ असा प्रश्न आधी विचारावा आणि ‘हे चांगले आहे का?’ हा नंतर.

हा अनुभव फक्त आपला नाही. ब्रिटनमधल्या बीबीसीने १९७८ पर्यंत टेपा पुसण्याची पद्धत सर्रास चालू ठेवली होती. ‘डॉक्टर हू’ या त्यांच्या लोकप्रिय मालिकेचे साठीच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग अजूनही मिळालेले नाहीत. मात्र तिथे दोन गोष्टी घडल्या. त्या मालिकेच्या फिल्म-प्रती परदेशी केंद्रांना विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून नऊ भाग परत मिळाले. आणि प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डरवर आवाज मुद्रित करून ठेवला होता, त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा निदान ध्वनी आज उपलब्ध आहे. मुंबई केंद्राच्या मराठी कार्यक्रमांना परदेशी गिऱ्हाईक असण्याचा प्रश्नच नव्हता. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला ते दिसत, पण ते त्याच क्षणी दिसत आणि त्याच क्षणी संपत. प्रत दुसरीकडे कुठे तरी असेल, ही आशा इथे फार थोडी आहे. जी आहे ती घरांत आहे. तिच्याकडे पुढे येतो.

काटकसरीने घडवलेली शैली

टेपच्या या हिशेबाचा परिणाम जतनावर झाला एवढेच म्हणून थांबलो तर एक महत्त्वाची गोष्ट सुटते. त्याच हिशेबाने कार्यक्रमांचे रूपही घडवले.

दोन इंची टेपचे संकलन कष्टाचे होते. प्रत्यक्ष कापून जोडायची तर जोडाच्या जागी टेप कायमची अधू होई आणि पुन्हा वापरण्याच्या दृष्टीने तिची किंमत घटे. एका यंत्रावरून दुसऱ्यावर उतरवत संकलन करायचे तर दोन-दोन यंत्रे अडकून पडत आणि चित्राचा दर्जा प्रत्येक पिढीत खाली येई. म्हणून शक्यतो कार्यक्रम थेट प्रक्षेपणासारखाच सलग मुद्रित करायचा, तीन कॅमेरे लावायचे, निर्मात्याने नियंत्रणकक्षात बसून त्याच वेळी एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायचे, आणि चूक फारच मोठी झाली तर पहिल्यापासून सुरुवात करायची.

या सक्तीतून एक विशिष्ट अभिव्यक्ती तयार झाली. ‘गजरा’मधली प्रहसने रंगमंचावरच्यासारखी श्वास घेत चालत, कारण नटाला मध्येच थांबवून दुसऱ्या कोनातून तेच वाक्य पुन्हा घेण्याची सोय नव्हती. रंगभूमीवरून आलेल्या नटांना हे माध्यम चटकन आपले वाटले, त्यामागे हेही एक कारण असावे. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमात लेखक-कलावंत बोलताना थांबत, शब्द शोधत, मुलाखतकार त्यांना थांबू देत, आणि ती शांतता प्रेक्षकापर्यंत पोहोचे. आजच्या संकलित मुलाखतीत ती पहिल्यांदा कापली जाते. मराठी प्रेक्षकाने साहित्यिकाला विचार करताना पाहिले ते बहुधा इथेच. सभेत तो तयारीने बोलतो, रेडिओवर बहुतेक वेळा लिहून आणलेले वाचतो.

माझे म्हणणे असे आहे की, ज्या काटकसरीने ही संथ, सलग, चुका पोटात घालणारी शैली घडवली, तिनेच ती पुसून टाकली. टेप महाग म्हणून कापायची नाही, आणि महाग म्हणूनच ठेवायचीही नाही. ‘तेव्हाचे लोक मुळातच संयमी होते, आजचे उथळ आहेत’ असे जे स्मरणरंजन आपण वाचतो, त्यात या यांत्रिक कारणाला जागाच नसते. संयम होता हे खरे. पण त्यातला काही भाग माणसांचा होता आणि काही भाग यंत्राचा. दोन्ही वेगळे करून दाखवणे हे समीक्षकाचे काम आहे, आणि ते करायला सलग कार्यक्रम पाहायला मिळाले पाहिजेत.

काय उरले, कोणाचे उरले

आज महाजालावर सहज पाहायला मिळणारे जुने मराठी दूरदर्शन कोणते? मोठ्या कलावंतांच्या मुलाखती, गायन-वादनाच्या मैफली, काही नाटके, गाजलेल्या मालिकांचे भाग आणि पुढे चित्रपटांत नाव मिळवलेल्या नटांची सुरुवातीची कामे. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातला काही भाग महाजालावर खुला केला आहे, ‘सह्याद्री’ वाहिनीनेही केला आहे. आणि त्याबद्दल कृतज्ञता व्यक्त केलीच पाहिजे. कोणत्याही संग्रहात आधी जी टेप बाजूला ठेवली जाते ती मोठ्या माणसाची असते. ‘यांचे पुसू नका’ असे एखाद्या जाणत्या निर्मात्याने कपाटावर लिहिले असेल तर ते भीमसेनांच्या टेपवर लिहिले असेल. खतांच्या माहितीवर नव्हे.

परंतु त्या केंद्राचे रोजचे काम वेगळे होते. ‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम घ्या. पिकावरची कीड, बियाणे, जोडधंदे यांविषयी तज्ज्ञ आणि शेतकरी एकमेकांशी कोणत्या मराठीत बोलत, तज्ज्ञ शेतकऱ्याला ‘तुम्ही’ म्हणत की ‘तुम्ही लोक’ म्हणत, शहरातल्या प्रेक्षकाने हा कार्यक्रम कसा पाहिला, हे प्रश्न हरितक्रांतीनंतरच्या महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे आहेत. आकाशानंदांचा ‘ज्ञानदीप’ घ्या. या कार्यक्रमाभोवती गावोगावी ज्ञानदीप मंडळे उभी राहिली. टेलिव्हिजन पाहून लोकांनी संघटित व्हावे ही आज अविश्वसनीय वाटणारी घटना मराठी मुलुखात घडली. तिच्याविषयी आपण किती कार्यक्रम पाहून बोलू शकतो? ‘किलबिल’मधली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली असतील. ‘सुंदर माझं घर’सारख्या कार्यक्रमाने मध्यमवर्गीय गृहिणीला काय सांगितले आणि काय सांगितले नाही, याचा स्त्री-अभ्यासाच्या अंगाने विचार करायचा तर कशाच्या आधाराने करायचा?

मुंबई केंद्र केवळ मराठीही नव्हते. ‘संताकूकडी’ गुजरातीत होते, ‘व्हॉट्स द गुड वर्ड’ इंग्रजीत, तबस्सुम यांचे ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हिंदीत. एकाच पडद्यावर एकामागून एक चार भाषा येत आणि सगळे शेजारी एकाच खोलीत बसून सगळे पाहत. गिरगावातल्या घरात गुजराती विनोदावर हसू येत असे ते या क्रमामुळे. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी रंग आला, आणि पुढे संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेवर दिल्लीचा हक्क वाढत गेला. या बदलाने शहराचे काय गेले हे सुटे कार्यक्रम पाहून कळत नाही. त्यासाठी एखादी संध्याकाळ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायला हवी : निवेदन, शेतकरी, गुजराती, बातम्या, जाहिरात, ‘व्यत्यय’ची पाटी, पुन्हा निवेदन. टेलिव्हिजनचे मूळ रूप कार्यक्रम नाही, संध्याकाळ आहे. आणि संध्याकाळ कोणीच ठेवली नाही.

‘चिमणराव’चे उदाहरण बोलके आहे. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या भूमिकांची ही मालिका सत्तरीच्या उत्तरार्धातली. घरी मुद्रण करण्याची सोय तेव्हा जवळपास कोणाकडेच नव्हती. ती मालिका सलग पाहून, भागवार टिपणे काढून केलेली समीक्षा माझ्या वाचनात नाही. ‘अवीट’, ‘निखळ’, ‘कौटुंबिक’ ही तीन विशेषणे मात्र प्रत्येक लेखात आहेत. ती चुकीची आहेत असे मी म्हणत नाही. ती तपासता येत नाहीत, एवढेच म्हणतो. दोन महायुद्धांमधल्या काळातला पुणेरी चिमणराव आणीबाणीनंतरच्या मुंबईच्या पडद्यावर येताना काय झाला, कोणता उपरोध बोथट झाला, कोणता धारदार झाला, हा मराठी विनोदाच्या अभ्यासातला फार मोलाचा प्रश्न आहे. त्याला विशेषणांनी उत्तर मिळत नाही.

क्लिप नावाचा पुरावा

आता दुसऱ्या पुसणीकडे वळू.

कोणाकडे तरी जुनी कॅसेट असते. तो ती संगणकावर उतरवतो, त्यातला ‘चांगला’ तुकडा कापतो, वर आपले नाव ठोकतो, चित्र ‘स्वच्छ’ करतो, कधी कृष्णधवल चित्राला रंग देतो आणि टाकून देतो. पुढचा माणूस त्यातला आणखी लहान तुकडा घेतो, उभ्या पडद्यात बसावा म्हणून दोन्ही बाजू छाटतो आणि मागे संगीत घालतो. तिसऱ्यापर्यंत पोहोचते तेव्हा वर लिहिलेले असते, ‘१९७२ ची दुर्मीळ मुलाखत’. वर्ष कोणी लिहिले, कशावरून लिहिले, हे विचारायची सोय उरत नाही.

अशा क्लिपचा काळ ठरवण्याची साधने असतात, आणि ती नेमकी कापलेल्या भागात असतात. काही उदाहरणे देतो. दूरदर्शनचे फिरते बोधचिन्ह दिसले तर ते १९७६ च्या एप्रिलनंतरचे. व्यापारी जाहिरात दिसली तर १ जानेवारी १९७६ नंतरचे, कारण दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या त्या तेव्हा. ‘सह्याद्री’चे चिन्ह कोपऱ्यात असेल तर ते पुनःप्रक्षेपणाचा काळ सांगते, मूळ कार्यक्रमाचा नव्हे, ही गल्लत फार वेळा होते. चित्र कृष्णधवल आहे एवढ्यावरून ते १९८२ पूर्वीचे ठरत नाही. जुनी साधने नंतरही वापरात होती आणि सदोष प्रत उतरवतानाही रंग हरवतो. चित्राच्या अगदी तळाशी थरथरणारी बारीक पट्टी दिसली तर ती घरगुती व्हीएचएस प्रत असण्याचा संभव मोठा. घरातल्या दूरचित्रवाणी संचावर ती पट्टी चौकटीआड लपत असे, संगणकावर ती उघडी पडते. क्लिप ‘सुबक’ करणारा माणूस सर्वांत आधी ही पट्टी कापतो. म्हणजे क्लिपचा जन्मदाखलाच फाडतो.

पुढचे-मागचे कापल्याने अर्थही बदलतो. एखाद्या लेखकाचे झणझणीत वाक्य क्लिपमध्ये असते, त्याआधीचा प्रश्न नसतो. तो प्रश्न खोचक होता की भाबडा, यावर त्या वाक्याचे वजन अवलंबून असते. मुलाखत हा दोघांचा मजकूर आहे. एकाला कापून दुसऱ्याला सुभाषितकार बनवणे ही त्या प्रकाराची समीक्षा नव्हे, विटंबना आहे. आणि अमुक क्लिप लाखांनी पाहिली म्हणून तीच त्या लेखकाची प्रातिनिधिक मुद्रा ठरते, तेव्हा आपण पुन्हा एकदा त्या टेपवाल्या कारकुनाच्या जागी बसलेलो असतो. फरक इतकाच की त्याच्या हाती टेपचा तुटवडा होता. आपल्याकडे साठवणुकीचा तुटवडा नाही.

क्लिप टाकणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्यामुळेच कित्येक गोष्टी डोळ्यांनी पाहायला मिळाल्या. माझी मागणी एवढीच आहे की तुकडा जरूर दाखवावा, पण अख्खी कॅसेट आधी उतरवून वेगळी ठेवावी आणि तुकडा कशातून घेतला ते सांगावे. पुस्तकातला उतारा देताना आपण पृष्ठक्रमांक देतो, तेवढेच.

घरातला संग्रह

१९८२ नंतर चित्र पालटले. आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत संच आले, आखाती देशांतून परतणाऱ्यांनी व्हीसीआर आणले, आणि मुंबई-पुण्यातल्या, कोकणातल्या काही घरांत शनिवारचा मराठी चित्रपट मुद्रित होऊ लागला. एका ई-१८० कॅसेटवर तीन तास मावत. चित्रपटासाठी यंत्र लावले की त्याच्या आधीचे निवेदन, मधल्या जाहिराती, शेवटच्या बातम्यांची पहिली दोन मिनिटे आपोआप येत. मुद्रण करणाऱ्याला नको असलेला हा भागच आज अमोल आहे. चित्रपट दुसरीकडे मिळतो. त्या शनिवारची संध्याकाळ मात्र त्या एका कॅसेटवरच असते.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी तीस वर्षांहून अधिक काळ घरातून टेलिव्हिजनच्या बातम्या अखंड मुद्रित केल्या. २०१२ मध्ये त्या वारल्या तेव्हा सुमारे ७१ हजार कॅसेट मागे होत्या. त्या आज इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेकडे आहेत. लोकांनी त्यांना विक्षिप्त म्हटले. पण त्यांनी निवड केली नाही, हेच त्यांचे मोठेपण. काय महत्त्वाचे ठरेल हे आज कळत नाही, एवढे त्यांना कळले होते.

१९८२ पूर्वीच्या दशकासाठी घरात चित्र मिळणार नाही, पण आवाज मिळू शकतो. टीव्हीच्या स्पीकरपुढे कॅसेट रेकॉर्डर ठेवून गाणी, नाटके, मुलाखती उतरवणारी माणसे मराठी घरांत होती. मागे कुकरची शिट्टी आणि ‘हळू बोला’ अशी दटावणी ऐकू येते, म्हणून या कॅसेट कोणी जपत नाही. त्यांच्या जोडीला कागद आहे. कलावंतांना आलेली करारपत्रे, टंकलिखित संहिता, निर्मात्यांच्या वह्या, प्रेक्षकपत्रांची उत्तरे आणि वृत्तपत्रांत छापून येणारे दूरदर्शनचे रोजचे कार्यक्रम. ग्रंथालयांतल्या जुन्या अंकांवरून १९७२ ते १९९२ या काळाची दिवसवार कार्यक्रमसूची करणे हे काम मोठे आहे, पण अशक्य नाही. त्याला यंत्र लागत नाही, अनुदानही लागत नाही. चिकाटीची चार माणसे लागतात. काय हरवले याची यादी झाल्याखेरीज काय शोधायचे ते कळणार नाही.

कायदा आणि मुदत

१९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते. दोन वर्षांनी वृत्तपत्रेही त्यात आली. प्रक्षेपणासाठी असे बंधन आपल्याकडे नाही. फ्रान्सने १९९२ मध्ये रेडिओ-टेलिव्हिजनलाही हा नियम लावला आणि त्यासाठी तिथे स्वतंत्र राष्ट्रीय संस्था काम करते. आपल्याकडे एखाद्या जिल्हा वृत्तपत्राचा १९७५ चा अंक मिळण्याची शक्यता त्याच दिवशीच्या दूरदर्शनच्या बातम्यांपेक्षा अधिक आहे, याचे मूळ या फरकातही आहे.

घरी मुद्रण करणे हा गुन्हा होता, या समजुतीने कित्येक जण आपल्याकडच्या कॅसेटविषयी बोलत नाहीत. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ३९ वे कलम खासगी उपयोगासाठी, तसेच प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या प्रक्षेपणाच्या मुद्रणाला प्रक्षेपणहक्काच्या भंगातून वगळते. प्रक्षेपणाचा हक्क २५ वर्षांचा असतो. मात्र मुद्रित कार्यक्रमावरचा स्वामित्वहक्क ढोबळमानाने ६० वर्षांचा, त्यामुळे १९७७ चा कार्यक्रम २०३७ अखेरपर्यंत मुक्त होत नाही. म्हणजे ठेवणे आणि अभ्यासणे एक, सार्वजनिक करणे दुसरे. आज जतनाचे काम अडते ते दुसऱ्याच्या भीतीने पहिलेही न केल्यामुळे.

आणि मुदत संपत आली आहे. चुंबकीय टेपांचे जे काही २०२५ च्या सुमारापर्यंत उतरवले जाणार नाही त्यातले बरेचसे कायमचे जाईल, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहाने २०१५ मध्ये दिला होता. युनेस्कोनेही पुढे त्याच आशयाची सूचना जगभर पाठवली. कारण टेप कुजते हे तर आहेच, पण त्याहून आधी यंत्रे संपतात. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, आणि त्यानंतर नवा व्हीसीआर बनलेला नाही. दुरुस्त करणारे कारागीर निवृत्त झाले. आपल्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरे ठिपके दिसू लागतात, ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घातली की ती यंत्राला लागते आणि यंत्रातून पुढच्या कॅसेटला.

माळ्यावरच्या कॅसेट

हा अंक वाचकाच्या हाती पडेल तेव्हा बहुतेक घरांतली साफसफाई आटोपलेली असेल. माळ्यावरच्या कॅसेट यंदाही खाली आल्या असतील, आणि यंत्र नाही म्हणून भंगारात द्यायच्या पिशवीत गेल्या असतील. जुन्या इमारती पाडून नव्या होत आहेत, म्हणून हे अधिक वेगाने घडते आहे. ज्यांची पिशवी अजून दारातच आहे त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी लिहितो.

कॅसेट फेकू नका आणि मिळेल त्या यंत्रात घालून ‘बघू तरी’ म्हणूनही लावू नका. पाठीवरची प्लॅस्टिकची लहानशी कळ मोडलेली नसेल तर ती मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. पुस्तकासारखी उभी, कोरड्या जागी ठेवा. वरचे लेबल फाडू नका. ‘बाबांचा पिक्चर’ एवढेच लिहिलेले असले तरी ती नोंद आहे. कोणत्या घरात, कोणत्या गावी, साधारण कोणत्या वर्षी मुद्रण झाले, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून कागदावर लिहा आणि तो कागद कॅसेटच्या खोक्यात ठेवा. उतरवून घ्यायची वेळ येईल तेव्हा पहिल्या सेकंदापासून शेवटच्या मुंग्यांपर्यंत अख्खी उतरवायला सांगा. जाहिराती काढून, चित्र उजळून देणाऱ्याला तसे करू देऊ नका. ती मूळ फाइल तशीच ठेवा. त्यातून हवा तो तुकडा नंतर कधीही काढता येईल.

दूरदर्शनवर लिहिणाऱ्यांनाही एक विनंती आहे. लेखाच्या शेवटी नाही तर सुरुवातीलाच एक ओळ द्यावी : हा कार्यक्रम मी कधी पाहिला, पूर्ण पाहिला की तुकडा, आणि तो तुकडा कुठला. आठवणीवरून लिहिले असेल तर तसे म्हणावे. आठवण हाही पुरावा आहे, फक्त त्याला आठवण म्हणायला हवे. इतकी ओळ प्रत्येकाने लिहिली तर निदान पुढच्या अभ्यासकाला आपल्या पायाखाली जमीन कुठे आहे आणि पोकळी कुठे आहे ते समजेल. पुसलेले परत येणार नाही. पण जे उरले आहे ते पुढच्या पाच-सहा वर्षांत पुन्हा पुसले गेले, तर त्याला या वेळी टेपची महागाई हे कारण देता येणार नाही.